स्टंट रायडिंगच्या सरावाला शहरात हक्काची जागा मिळावी का?

बॅलन्सपॉइंट (धागाकर्ता)

रस्त्यावर व्हीली (पुढचं चाक उचलून मागच्या चाकावर गाडी चालवणं) मारणाऱ्या पोरांना पोलिसांनी उचललं, गाड्या जप्त केल्या, ही बातमी मुंबई-पुण्यात आता नवी राहिलेली नाही. वांद्रे-कुर्ला संकुल, पाम बीच रोड, लवासाचा रस्ता, नावं तीच तीच. कारवाई व्हायलाच हवी. मी स्वतः स्टंट करतो, नव्या मुलांना शिकवतो, आणि रस्त्यावर मारणाऱ्याला आमच्या गटात उभंही करत नाही. पण रस्त्यावर नको तर कुठे, याचं उत्तर मला आजवर कुणीही दिलेलं नाही.

२६ जानेवारीला कर्तव्यपथावर लष्कराच्या सिग्नल कोअरचे डेअर डेव्हिल्स मोटारसायकलींवर मनोरे रचतात तेव्हा देश टाळ्या वाजवतो. मोटारसायकल कंपन्या शहराशहरांत स्टंट शो भरवून गाड्या विकतात. बघायला चालतं, विकायला चालतं, फक्त शिकायला जागा नाही.

‘रेस ट्रॅकवर जा’ असं सांगितलं जातं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई, कोइमतूरला करी मोटर स्पीडवे, ग्रेटर नोएडाला बुद्ध सर्किट. दुसऱ्या राज्यात जाऊन आठवड्याचा सराव कसा करायचा? शिवाय स्टंटला ट्रॅक लागतच नाही. साठ-सत्तर मीटर लांब, पंचवीस-तीस मीटर रुंद सपाट डांबर किंवा काँक्रीट पुरतं. त्यावर खडी, खांब, दुभाजक, झाकणं नकोत, आणि चारी बाजूंनी आत येण्याचा रस्ता बंद हवा.

अशा जागा आहेत. आरटीओची चाचणी मैदानं रविवारी रिकामी असतात. एमआयडीसीतली बंद पडलेल्या कारखान्यांची आवारं आहेत. जीएसटी आल्यावर २०१७ मध्ये मुंबईतली जकात बंद झाली, त्या नाक्यांवर ट्रक उभे करायला केवढाली फरसबंद पटांगणं होती. रविवारी सकाळी तीन तास, फी घेऊन, नाव नोंदवून यातली एखादी जागा द्या. एवढंच मागणं आहे.

वॉर्ड_नंबर_सात

मी ट्रॉमा वॉर्डात परिचारिका आहे, त्यामुळे माझा विरोध आधीच सांगते.

२०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती. आमच्याकडे येणारी बहुतेक पोरं अठरा ते पंचवीसमधली. डोक्याला मार लागलेला मुलगा वाचला तरी घरी परतताना तोच मुलगा असतो असं नाही. बोलणं जातं, राग आवरत नाही, आई त्याला लहान मुलासारखं भरवत असते. तुम्ही रविवारी तीन तास शिकवाल. मंगळवारी कॉलेजच्या गेटसमोर तो काय करेल, त्याची जबाबदारी कोण घेणार? सरकारने जागा दिली की ‘हे चालतं’ असा अर्थ सोळा वर्षांचं पोर काढणारच.

बॅलन्सपॉइंट

ताई, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण ते आकडे स्टंटचे नाहीत. त्यात मागून ट्रकने उडवलेला दूधवालाही आहे आणि हेल्मेटशिवाय घरी निघालेला नोकरदारही.

शिकवतो म्हणजे काय करतो ते सांगतो. नवीन मुलाला पहिले काही रविवार चाक उचलूच देत नाही. पहिल्या गिअरमध्ये, अर्ध्या क्लचवर, चालण्याच्या वेगाने लहान लहान गोल मारायचे. त्यात गाडीचं वजन कुठे झुकतं ते कळतं. मग मागचा ब्रेक. व्हीलीत जीव वाचवणारी गोष्ट म्हणजे उजव्या पायाखालचा तो ब्रेक. चाक जास्त वर गेलं, गाडी मागे उलटायला लागली, की ब्रेकवर हलका दाब दिल्याबरोबर पुढचं चाक खाली येतं. पाय सतत तिथे हवा, आणि घाबरल्यावर आपोआप दाबला जायला हवा. एवढं अंगवळणी पडेपर्यंत पहिल्या गिअरमध्ये पंधरा-वीसच्या वेगावर फक्त वीतभर चाक उचलायचं आणि ब्रेकने खाली आणायचं. गाडी पडली तरी इंजिन आणि पाय वाचावेत म्हणून तिला लोखंडी नळ्यांचा पिंजरा लावलेला, टायरमधली हवा कमी, फुल फेस हेल्मेट, कोपर-गुडघ्याचे गार्ड, बूट. पडणं ठरलेलं आहे, पण त्या वेगात पडलं तर गाडी सरकते, माणूस उठतो.

रस्त्यावर मारणाऱ्या पोराने यातलं काहीही शिकलेलं नसतं. त्याने रील बघितलेली असते आणि तो थेट दुसऱ्या गिअरला पन्नासच्या वेगाने उचलतो. मागचा ब्रेक त्याच्या लक्षातही नसतो. तुमच्या वॉर्डात येतो तो हा मुलगा. त्याला मी रविवारी हवाय.

तारीख_पे_तारीख

वकिली करतो, म्हणून कायद्यापुरतं. खासगी जागेत काहीही केलं तरी चालतं, हा समज या क्षेत्रात फार पसरलाय. तो धोकादायक आहे.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली शर्यत किंवा वेगाची चाचणी गुन्हा ठरते ती ‘सार्वजनिक ठिकाणी’, सरकारच्या परवानगीशिवाय केली तर. आता सार्वजनिक ठिकाण म्हणजे काय? मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८ मध्ये विम्याच्या एका प्रकरणात सांगितलंय की मालकी खासगी असली तरी लोकांना तिथे प्रवेश असेल, मोफत असो वा नियंत्रित, तरी ते सार्वजनिक ठिकाण. त्यामुळे मॉलचं पार्किंग, मंगल कार्यालयाचं मैदान, अर्धवट राहिलेला लेआउट, यांना सुरक्षित समजू नका. कलम १८४ मध्ये ‘लोकांना धोकादायक’ हे शब्द आहेत. लोक आतच येऊ शकत नसतील तर ते लावणं अवघड जाईल. म्हणून कुंपण, फाटक आणि दारावरची वही या तिन्हींना कायद्याच्या दृष्टीने वजन आहे.

विम्याचंही ऐका. नेहमीच्या मोटार पॉलिसीत संघटित शर्यती आणि वेगाच्या चाचण्या वगळलेल्या असतात. स्टंट त्यात बसतो की नाही यावर दावा अडकणार हे धरून चाला. वैयक्तिक अपघात विमा वेगळा काढावा लागेल आणि विमा कंपनीकडून ते लेखी घ्यावं लागेल.

नाकाबंदी

वाहतूक शाखेत नोकरी झाली, आता निवृत्त आहे. बॅलन्सपॉइंट, तू प्रामाणिक दिसतोस. तरी माझा विरोध आहे.

रस्त्यावरच्या पोराला जागेची अडचण नसते. त्याला बघणारे हवे असतात. रात्री दीड वाजता पकडलेल्या दहापैकी आठ जणांबरोबर मोबाइल धरणारा मित्र असायचाच. बंद आवारात, हेल्मेट घालून, वीतभर चाक उचलायला तो येणार नाही. तुझ्याकडे येतील ती आधीच शहाणी असलेली मुलं. मग रस्ता कसा सुरक्षित होणार?

आणि अल्पवयीन मुलांचं काय? कलम १९९अ खाली मुलाने गुन्हा केला तर पालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड आहे, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द, आणि मुलाला पंचविशीपर्यंत लायसन्स नाही. हे माहीत असूनही बाप सतराव्या वाढदिवसाला ड्यूकसारखी वेगवान मोटारसायकल घेऊन देतो. अशा बापाला तुझी रविवारची शाळा म्हणजे आणखी एक निमित्त.

गोकुळ_शिरगाव

काका, मग दहीहंडीचं काय करायचं? थरावरून पडून मणका मोडलेले गोविंदा दरवर्षी असतात. न्यायालयाने वयाचे निर्बंध घातले, आणि २०२२ मध्ये राज्य सरकारने तिला साहसी खेळाचा दर्जा देऊन गोविंदांना विमा दिला. धोका आहे म्हणून बंद केली नाही, नियमात आणली. मोटारसायकलवाल्यांनाच वेगळा न्याय का? की आमच्या मागे मतं नाहीत म्हणून?

आमच्या कोल्हापुरात मोहित्यांचा ट्रॅक आहे. एका कुटुंबाने रेसिंगच्या वेडापायी उभा केला आणि तिथे कार्टिंग शिकलेली मुलं देशपातळीवर गेली. जागा असली की गुरू तयार होतात, शिस्त येते. जागा नसेल तर उरतो तो बायपास.

चाकण_फेज_दोन

दहीहंडी वर्षातून एकदा असते. तुम्ही दर रविवारी सकाळी मागताय. ‘एमआयडीसीतली रिकामी आवारं’ लिहिणं सोपं आहे. त्याला लागून आमच्या कामगार वसाहती आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी आठला झोपतो. निवासी भागाला दिवसाची मर्यादा ५५ डेसिबलची आहे. सायलेन्सर कापलेली एक गाडी लिमिटरवर, म्हणजे इंजिन फिरेल तेवढ्या कमाल वेगावर, धरली तर चाळीत पाळण्यातलं मूल दचकून उठतं. दोन वर्षं हे भोगलंय, बाजूच्या प्लॉटवर कुणीतरी परस्पर सुरू केलं होतं. तक्रार केली की आठवडाभर शांत, पुन्हा सुरू. मला तुमच्या खेळाशी वैर नाही. माझ्या भिंतीपाशी नको.

बॅलन्सपॉइंट

चाकणकर, तुमचं पूर्ण मान्य. कंपनीचा मूळ सायलेन्सर नसेल तर फाटकातून आत नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून हवा. आणि वस्तीला लागून असलेली जागा मागायचीच नाही. त्यामुळे एमआयडीसीची अर्धी यादी मी खोडतो.

काका, बघ्यांचा मुद्दा खरा आहे, म्हणूनच सरावाच्या वेळी प्रेक्षक आणि चित्रीकरण दोन्ही बंद ठेवायचं. पण रस्त्यावरचं पोर येणारच नाही हे मला पटत नाही. आज आमच्याबरोबर असलेल्यांपैकी काही जण तुमच्याच नाकाबंदीत सापडलेले आहेत. त्यांना बघणारे हवे होते हे खरं, पण ज्याला व्हीली खरोखर येते असा माणूस भेटला तेव्हा ते ऐकायला लागले. आम्हाला ती शिस्त लावायला दारच नाही.

वॉर्ड_नंबर_सात

मला तीन गोष्टी सांगा. मैदानावर रुग्णवाहिका उभी असेल का? मानेला मार लागलेल्या मुलाचं हेल्मेट कसं काढायचं हे तुमच्यापैकी कुणाला शिकवलंय का? आणि पालकांची सही फक्त कागदावर असेल, की आई-वडिलांना समोर बोलावून पडणं दाखवणार?

बॅलन्सपॉइंट

रुग्णवाहिका फीमधून, ती नसेल तर सराव रद्द. अठराच्या खालचा कुणीही नाही, सही असली तरी नाही. हेल्मेट काढण्याचं प्रशिक्षण आमच्यातल्या कुणाचंच झालेलं नाही. तुम्ही शिकवाल का?

वॉर्ड_नंबर_सात

शिकवेन. विरोध मात्र कायम आहे. माझ्या मते हे पैसे आधी हेल्मेटसक्तीवर खर्च व्हावेत.

नाकाबंदी

माझंही मत बदललेलं नाही, पण अर्ज करणारच असशील तर नीट कर. पोलीस ठाण्यात आधी जाऊ नकोस, तिथे ‘स्टंट’ शब्द ऐकला की फाइल बंद होते. आधी जागेच्या मालकाचं ना-हरकत पत्र घे. जकात नाक्यांचा नाद सोड. दहिसर-मानखुर्दच्या नाक्यांवर पालिकेने वाहतूक केंद्राची आखणी केलेली आहे. आरटीओचं मैदान मागायचं तर परिवहन आयुक्तांकडे जा, सोबत वकिलांनी सांगितलेला विमा, रुग्णवाहिकेचा करार आणि आवाजाची अट लेखी जोड. आणि अर्जावर तुझ्या गटाचं टोपणनाव नको, नोंदणी केलेली संस्था लागेल. ती नोंदणी झालीय का तुमची?

बॅलन्सपॉइंट

नाही. या आठवड्यात सुरू करतो. वकीलसाहेब, संस्थेच्या घटनेच्या (नियमावलीच्या) मसुद्याला मदत कराल का?

तारीख_पे_तारीख

करतो. सात सदस्यांची नावं, पत्ते आणि ओळखपत्रं तयार ठेवा.