पोलिश बोलायला लागलं की समोरचा इंग्रजीवर का जातो? सल्ला हवा

रानजाई
पोलंडमध्ये व्रोत्स्वाफला राहते, पोलिशचा ए१ (अगदी प्राथमिक पातळी) चा क्लास संपत आलाय. दुकानात काही विचारलं की समोरचा आठ्या घालून "स्वूहाम?" म्हणतो, नाहीतर थेट इंग्रजी. सातही विभक्त्या पक्क्या होईपर्यंत गप्प बसावं का? आधी काय घोटावं?

टाचणी
गप्प मुळीच बसू नका. "स्वूहाम?" म्हणजे "काय म्हणालात?" एवढंच, त्यात राग नसतो. परक्या वळणाची पोलिश ऐकायची तिथे अनेकांना सवय नाही. विभक्ती चुकली तर कळतं, उच्चार चुकला तर शब्दच पोचत नाही. म्हणून आधी आघात: जवळजवळ नेहमी शेवटून दुसऱ्या अक्षरावर. वार्षावा (वॉर्सा) म्हणताना जोर "षा"वर. आपण सगळी अक्षरं सपाट म्हणतो, तिथेच घोळ होतो.

मग श आणि ष. मराठीत आपण दोन्ही एकच करून टाकलेत, पोलिशमध्ये चालत नाही. "प्रोषे" म्हणजे "कृपया". जीभ मागे न घेता "प्रोशे" म्हटलंत तर डुकराचं पिल्लू! उलट चमचातला च आपल्याकडे आयता आहे, पोलिश सी अक्षराचा उच्चार तोच.

कोपरखळी
विभक्त्यांत द्वितीया आणि षष्ठी आधी घ्या, बाजारहाट त्यावर निभतो. "पोप्रोषे" ("द्या ना") नंतर द्वितीया: काव्हा, म्हणजे कॉफी, मागताना "काव्हे". नकार आला की षष्ठी. आकड्यांत खरी मेख आहे. दोन ते चार पावांना "बूवकी" (दोन पाव म्हणजे "द्व्ये बूवकी"), पण पाचपासून "प्येंच बूवेक", म्हणजे षष्ठीचं अनेकवचन. बारा ते चौदाही षष्ठीतच. बावीस ते चोवीस मात्र पुन्हा "बूवकी". हे तर्काने सुटत नाही, पाठच करा.

रानजाई
आणि आदरार्थी? मी "तुम्ही" समजून "वी" वापरते.

टाचणी
ते सोडा. "वी" अनेकांसाठी आहे. एकट्या माणसाला वापरलं की खेड्यातलं किंवा जुन्या कम्युनिस्ट पक्षाच्या बैठकीतलं वाटतं. पुरुषाला "पान", बाईला "पानी", आणि क्रियापद तृतीयपुरुषी एकवचनी: "चि पानी मा...?" ("बाईंकडे ... आहे का?") आपण "मॅडमना हवंय का?" विचारतो तसंच. दुकानदाराला एकेरी "ती" लावलंत तर मात्र खरंच खटकेल. एकेरीवर यायचं आमंत्रण बहुधा वयाने किंवा हुद्द्याने मोठा माणूस देतो, तोवर थांबा. दुकानात शिरताना "जेन दोब्री" (नमस्कार), निघताना "दो व्हिद्झेन्या" (येते) विसरू नका. "याक शे माश?" ("कसा आहेस?") मात्र अनोळखी माणसाला नको, ते नुसतं अभिवादन नाही, ऐकणारा खरंच तब्येतीचं सांगायला लागेल.

सांडशी
इंग्रजी सुरू झालं तर "उचे शे पोल्स्क्येगो, प्रोषे पो पोल्स्कु" ("पोलिश शिकतेय, कृपया पोलिशमध्ये") म्हणा, पुढे "वोल्न्येय", म्हणजे सावकाश. बहुतेक जण खूश होऊन पोलिशवर येतात, काही जण शब्दांचे शेवट सुधारूनही देतात. कौतुक मनावर घेऊ नका, दोन वाक्यांनाही मिळतं.

काउंटरवरचे प्रश्न आधीच घोटून जा: "रेक्लामूफका?" म्हणजे पिशवी हवी का, "कार्तों चि गोतूफकों?" म्हणजे कार्ड की रोख. तुमचं पोलिश अडतं ते बहुधा इथे, कारण हे प्रश्न भरधाव येतात. संध्याकाळच्या रांगेत सराव नको. सकाळी हाला तार्गोव्हा या मंडईत जा, भाजीवाल्यांना बोलायला जरा सवड असते आणि "किलो झ्येम्न्याकूफ" (किलोभर बटाटे) म्हणत षष्ठीही पक्की होते. पुढे पोलिश नागरिकत्वाचा विचार असेल तर बी१ (मधली पातळी) चं प्रमाणपत्र लागतं: ऐकणं, वाचणं, व्याकरण, लेखन, बोलणं, प्रत्येकात वेगळं पास व्हावं लागतं. लेखन आत्तापासून सुरू करा, दुकानात ते कोणी शिकवणार नाही.