चर्चा: पोरांना पाण्याचं इंजिनिअरिंग बंधाऱ्यावर शिकवा, हॉलमध्ये नको

बरगेवाला: परवा भाचीच्या शाळेत जलअभियांत्रिकीचा जनजागृती कार्यक्रम झाला. स्लाइड, शपथ, बिल्ले, फोटो. घरी आल्यावर विचारलं, काय कळलं? म्हणाली, "दात घासताना नळ बंद करायचा." हे तर आमची आजीपण सांगायची! ‘कोल्हापूर पद्धतीचा बंधारा’ राज्यभर बांधतात, आणि कोल्हापूरच्याच पोरीला बरगा (पाणी अडवायची फळी) म्हणजे काय ते ठाऊक नाही. पाऊस ओसरला की न्या की बंधाऱ्यावर. खांबांच्या खाचांत बरगे कसे बसवतात, पावसाळ्याआधी ते का काढावे लागतात, बघू देत.

मास्तरीणबाई: साठ मुलं, आम्ही दोघी आणि नदीकाठ. एकाचा पाय घसरला तर नोटीस मला येणार, तुम्हाला नाही. हॉल कंटाळवाणा असेल, पण मुलं मोजून परत येतात.

पूरग्रस्त_२१: पोरांना कशाला? पूररेषेत भराव त्यांनी टाकला का? २०२१ च्या पुरात पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५६ फुटांवर गेलं, आमच्या माडीवर दोन कुटुंबं आणि एक म्हैस. (म्हैस जिन्यानं चढली कशी, हे अजून कोडं आहे.) आधी मोठ्यांची शाळा भरवा.

बावडेकर: म्हैस राहू दे भावा. इशारा पातळी ३९ फूट, धोका ४३, हे आमची पोरं क्रिकेटच्या स्कोअरसारखं सांगतात. पण ते फूट कुठनं मोजतात, विचारा. गप्प! आवड हाय, पुढचं सांगणारं कोण नाही.

मास्तरीणबाई: बंधाऱ्यावर न जाताही होतं, एवढंच माझं म्हणणं. राधानगरी धरणाच्या सातपैकी एक स्वयंचलित दरवाजा उघडला की १४२८ क्युसेक. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. आठवीला गणित घातलं: दहा हजार लिटरचे टँकर किती? दर सेकंदाला चार! मागच्या बाकावरचा, एरवी झोपलेला, म्हणाला, "बाई, सातही उघडले तर अठ्ठावीस?" तास संपला तरी कुणी उठेना.

बरगेवाला: झकास. पण माणूस नसताना दरवाजा उघडतो कसा, हे नाही विचारलं?

मास्तरीणबाई: विचारलं. मला नाही सांगता आलं.

बरगेवाला: मग तिथं पाटबंधारेतलाच माणूस लागतो. आमचे एक काका तिथनंच निवृत्त झालेत, विचारतो.

मास्तरीणबाई: शनिवारी सकाळची शाळा असते, पाठवा. बिल्ले नकोत. एखादा जुना बरगा मिळाला तर तेवढा घेऊन या म्हणावं.