सासूबाई म्हणतात, माझा मेंदू दान करा

महालातली सून:
सासूबाई 81 च्या. त्यांच्या आईनं शेवटी विस्मरणाच्या आजारात पोटच्या लेकीलाच विचारलं होतं, "बाई, तू कोणाची गं?" ते काही त्यांच्या मनातून जात नाही. परवा तर्रीपोहे खाताखाता म्हणाल्या, "लोक डोळे देतातच ना? माझा मेंदू द्या संशोधनाला." मामंजी गप्प. मावससासूबाई उसळल्या, "अन् चितेवर कवटी फोडायची ती कपालक्रिया कशाची करायची मग?" पोह्यांवरून थेट अंबाझरीचा स्मशानघाट! सासूबाईंना विस्मरण नाही, भाजीवाल्याची उधारी रुपयापर्यंत पाठ. असा मेंदू घेतात का?

निवृत्त लॅबवाला:
घेतात. तुलनेसाठी निरोगी मेंदूही लागतोच. विस्मरणाच्या एका आजाराला ज्यांचं नाव आहे, त्या डॉ. अल्झायमर यांनी 1906 मध्ये मेंदूतले जे बदल मांडले, ते मृत्यूनंतर सूक्ष्मदर्शकाखाली पाहूनच. कवटी परत बसवून शिवतात, चेहरा तसाच राहतो, देह घरी मिळतो. म्हणजे मावशी म्हणतात ती कपालक्रियाही होईल. खरी अडचण निराळी. दान केलेले मेंदू जपणारी मेंदूपेढी बंगळुरूच्या निम्हान्स या मेंदू-मनाच्या आजारांच्या संस्थेत, आपल्या नागपूरपासून हजार किलोमीटरच्या वर, अन् मेंदू काही तासांतच काढावा लागतो. आत्ताच फोन करून विचारा.

इतवारीकर:
फॉर्म भरूनही ऐनवेळी घरचे अडले की संपलं. माझ्या बाबांचं देहदान असंच राहिलं, काका आडवे आले. मावशींना आधी समोर बसवा.

महालातली सून:
बसवलं. म्हणाल्या, "हिचा घ्या, माझा मागू नका." सासूबाई म्हणतात, "तुझ्यात आहे काय काढायला?"