आजारी पायलटनं कंपनीला रोगाचं नाव सांगावं का?

बिरसीचा मास्तर
गोंदियाजवळ बिरसीला पायलट घडतात, शिकाऊ विमानं आपल्या धानाच्या बांध्यांवरून घिरट्या घालतात, त्यामुळे हा विषय मुंबई-दिल्लीवाल्यांचा म्हणून सोडू नका. पायलटनं आजारपणाची रजा टाकली, तर कंपनीनं कुठवर तपासावं? माझ्या मते ‘उडायला योग्य’ की ‘अयोग्य’ एवढंच. रोग कोणता, गोळ्या कोणत्या, हे ड्युटी लावणाऱ्या साहेबाला कशाला?
१२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान पडलं. १६ जूनला एअर इंडियाच्या ११२ पायलटांनी आजारी असल्याचं कळवलं, त्यात ५१ कॅप्टन. राज्यमंत्री मुरलीधर मोहोळ यांनीच लोकसभेत हा आकडा दिला. त्या आठवड्यात कारणाचा कागद मागितला असता, तर ‘झोप लागत नाही’ असं कोणी लिहून दिलं असतं?

धानवाला, सालेकसा
पटलं नाही मास्तरजी. मे २०२४ आठवा. एअर इंडिया एक्स्प्रेसच्या दोनशेच्या वर लोकांनी एकदमच आजारपण कळवलं. विमानं रद्द, आखातात कामाला जाणारे विमानतळावर अडकलेले. सगळ्यांना एकाच रात्री ताप चढला होता का? संप करायचा तर संप म्हणा ना. तपासणी नसली की असंच होणार.

बिरसीचा मास्तर
ते केबिन क्रू होते, पायलट नव्हेत. आणि ते भांडण मिटलं कामगार आयुक्तांसमोर. काढलेले २५ जण परत घेतले. डॉक्टरची चिठ्ठी तपासून ते मिटलं नाही.

जुना ड्रायव्हर
मी बस चालवत होतो तवा खाजगी डाक्टरची चिठ्ठी चालत नव्हती. सायेब म्हणे, सरकारी आन. आता तापानं फणफणलेला मानूस तालुक्याले जाऊन लाइनीत उभा राहीन का? पोरं दोन गोळ्या खाऊन तशीच गाडी काढत. अन् ज्याले खरंच बुट्टी मारायची होती, त्याच्यापाशी कागद पयलेच तयार राहे. पैसे देल्ले का भेटते जी चिठ्ठी.

आरोग्य केंद्रातली डॉक्टर
चिठ्ठ्या मीच लिहिते, म्हणून बोलते. जमिनीवर सर्दी किरकोळ असते. पण विमान खाली येताना सर्दीनं चोंदलेल्या माणसाच्या मधल्या कानातला दाब जुळत नाही. भयंकर दुखतं, क्वचित पडदाही फाटतो. त्यावर सेट्रिझिनसारखी गोळी घेतली तर गुंगी. आता माझ्या चिठ्ठीवर ‘सर्दी’ वाचून साहेब काय म्हणेल, सांगा. उलट मी ‘फिट’ लिहिलं, तरी ते शेतावर जायला की विमान उडवायला? ते ठरवायला डीजीसीएनं, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, मान्य केलेले वेगळे डॉक्टर आहेत. कागद मागायचाच तर त्यांचा मागा.
आणि कंपनीनं फोन करून विचारलं तर मी सांगणार नाही. डॉक्टरांच्या २००२ च्या आचारसंहितेत गुप्तता मोडायला मोजकी कारणं आहेत: न्यायालयाचा आदेश, कोणाला गंभीर धोका, कळवणं बंधनकारक असलेला रोग. ड्युटीचा तक्ता त्यात नाही.

धानवाला, सालेकसा
मॅडम, ‘गंभीर धोका’ म्हणजे अजून काय असतं? २४ मार्च २०१५, जर्मनविंग्ज या जर्मन कंपनीचं विमान. कॅप्टन बाहेर गेला, सहवैमानिकानं दार आतून लावलं आणि विमान आल्प्सच्या डोंगरावर घातलं. १५० माणसं गेली. डॉक्टरांनी त्याला कामाला अयोग्य ठरवलं होतं. फाडलेली चिठ्ठी नंतर घरात मिळाली. ती कंपनीकडे थेट गेली असती तर?

पायलट पोरीची आई
भाऊ, हा प्रश्न मलाही झोपू देत नाही. पण त्यानं ती फाडली का? लायसन्स जाईल, पगार जाईल. माझ्या पोरीच्या शिक्षणासाठी शेत गहाण आहे. उद्या लायसन्ससाठीच्या मेडिकल तपासणीत ती अडकली तर बँक थांबणार आहे का? आताच खोकली तरी फोनवर म्हणते, ‘काही नाही गं आई.’ रोगाचं नाव कंपनीत जातं म्हटल्यावर ती डॉक्टरकडेच जाणार नाही. मग तपासाल काय?

आरोग्य केंद्रातली डॉक्टर
ताई बरोबर बोलल्या. त्या अपघाताच्या फ्रेंच तपास अहवालात दोन्ही गोष्टी आहेत. डॉक्टरनं गुप्तता कधी मोडावी याचे नियम स्पष्ट करा, आणि लायसन्स गेल्यावर पायलट कंगाल होणार नाही अशी सोयही करा. पहिलीच गोष्ट सगळे उचलतात, कारण दुसरीला पैसे लागतात.

धानवाला, सालेकसा
बरं, धोक्याचा रुग्ण असेल तर डॉक्टरनं डीजीसीएच्या डॉक्टरला कळवावं, कंपनीला नको. इथवर मी येतो. पण दर दिवाळीच्या आदल्या दिवशीच ज्याला सर्दी होते, त्याचं काय?

जुना ड्रायव्हर
त्यानं महिनाभर आंधी अर्ज देल्ला होता का, थे पाहा पयले. तवाच रजा देल्ली असती तं सर्दी कायले झाली असती?