साउथ आफ्रिकेच्या रग्बी टीमची जर्सी हिरवीच का? (आमच्या टी-शर्टाचं भांडण)

औशाचा_रेडर
नमस्कार मंडळी, प्रश्न रग्बीचाय पण मूळ दुखणं कबड्डीचं. यात्रेतल्या सामन्यांसाठी टी-शर्ट टाकायचेत, बारा पोरं आहेत आणि आठ दिवस झाले गाडी कलरवरच अडकलीय. भगवा म्हणलं की एक तोंड फिरवतो, निळा म्हणलं की दुसरा, हिरवा म्हणलं की सगळे गप होऊन एकमेकाकडं बघायलेत. तुमाला माहिताय आपल्याकडं रंग हा नुसता रंग नसतो. पांढरा घ्यावं तर काळ्या मातीत दोन चढाया केल्या की संपलं, आई आधीच म्हणली मी धुणार नाही.
परवा रात्री झोप येईना म्हणून यूट्यूबवर साउथ आफ्रिका-न्यूझीलंडची जुनी रग्बी मॅच बघितली, नियम घंटा कळले नाहीत पण एक टीम गर्द हिरवी आन एक नखशिखांत काळी, लई भारी दिसायलते. तर ह्यांनी कलर ठरवला कसा? आफ्रिकेच्या झेंड्यात हिरवा आहे म्हणून म्हणावं तर तो झेंडा 1994 चा, जर्सी त्याच्या कितीतरी आधीची दिसायलीय.

बार्शीरोडवाला
झेंड्याचा काय संबंध नाही भाऊ, उसनी जर्सी आहे ती. 1896 साली ब्रिटिशांची टीम आफ्रिकेत आली होती, चार टेस्ट. त्या काळात आफ्रिकेला ठरलेला असा ड्रेसच नव्हता, मॅच ज्या गावात तिथली मंडळी जे देतील ते घालायचं, कॅप्टनसुद्धा बदलायचा. पोर्ट एलिझाबेथ, जोहान्सबर्ग, किंबर्ली, तिन्हीकडं मार खाल्ला. चौथी केप टाऊनला न्यूलँड्सवर, कॅप्टन बॅरी हीटली. हा गडी ओल्ड डायोसिशन क्लबाकडून खेळायचा, त्यांची जर्सी गर्द हिरवी, मर्टल ग्रीन म्हणतात, कडुलिंबाचं जून पान असतं ना तसली. यानं त्याच जर्स्या आणून पोरांच्या अंगात घातल्या आन 5-0 नं मॅच मारली, आफ्रिकेचा पहिला टेस्ट विजय. 5 म्हणजे किती तर एक ट्राय (बॉल समोरच्यांच्या रेषेपलीकडं जमिनीला टेकवणं) आणि वरची एक किक, ट्रायला तेव्हा 3च पॉइंट होते.
मग 1903 ला परत ब्रिटिश आले, पहिल्या दोन मॅच बरोबरीत, तिसरी परत न्यूलँड्सवर, परत हीटली कॅप्टन, परत हिरवा, 8-0. पहिली सिरीज जिंकली. आता सांगा, यानंतर कोण म्हणंल कलर बदला म्हणून? आपल्याकडं तर एकदा जिंकलेला लंगोट पैलवान चार वर्षं सोडत नाही.

परभणीकर_75
वरचं बरोबर आहे, एक जोडतो. 1906 ला पॉल रूसच्या कॅप्टनशिपखाली ते इंग्लंडला गेले तेव्हा हिरवा पक्का झाला आणि स्प्रिंगबॉक नावही त्याच दौऱ्यातलं. तिकडचे पेपरवाले काहीतरी वेडंवाकडं नाव पाडतील त्यापेक्षा आपणच एक सांगून टाकू म्हणून त्यांनी हरणाचं नाव दिलं. म्हणजे पोरांनो टी-शर्टावर नावपण आत्ताच टाका, नाहीतर यात्रेतला माईकवाला काय नाव ठेवंल सांगता येत नाही.
हिरव्यावरून ऑस्ट्रेलियाचीपण गंमत आहे. 1899 च्या त्यांच्या पहिल्या सिरीजला सिडनीत निळी आणि ब्रिस्बेनला मरून जर्सी होती, जिथं मॅच त्या राज्याचा कलर. पुढं तेपण हिरवी घालायला लागले, आणि 1961 ला आफ्रिकेच्या दौऱ्यावर जायचं म्हणल्यावर दोन्हीकडं हिरवं झालं असतं म्हणून पिवळी घेतली, ती आजपर्यंत.

उदगीरचे_मास्तर
उसनी जर्सी वगैरे ठीक आहे, पण रंग निरागस होता असं लिहून सोडून देऊ नका. वर्णभेदाच्या काळात हा हिरवा-सोनेरी फक्त गोऱ्यांचा होता, काळ्या माणसाला ती जर्सी मिळतच नव्हती. पहिला गौरेतर खेळाडू एरॉल टोबायस, तोही 1981 ला. त्यामुळं तिथली काळी जनता आपल्याच देशाच्या विरोधातल्या टीमला टाळ्या वाजवायची. म्हणून 24 जून 1995 ला वर्ल्डकप फायनलला मंडेला जेव्हा तीच हिरवी जर्सी घालून, पाठीवर कॅप्टन पिनारचा 6 नंबर, एलिस पार्कच्या मैदानात उतरले तेव्हा लोकांना काय वाटलं असंल विचार करा. त्या टीममध्ये गौरेतर एकटा चेस्टर विल्यम्स. एक्स्ट्रा टाइममध्ये स्ट्रान्स्कीच्या ड्रॉप गोलनं (चालू खेळात बॉल टप्पा पाडून खांबांमधून मारलेली किक) न्यूझीलंडला 15-12 नं हरवलं. रंग तोच होता, घालणारा बदलला.

बार्शीरोडवाला
सर एक नंबर. मी नुसता क्लबापाशीच थांबलो होतो.

मोंढ्यातला_गण्या
न्यूझीलंडचं कुणीच सांगितलं नाही. त्यांच्या टीमला ऑल ब्लॅक्स म्हणतात ना, पेपरात 'ऑल बॅक्स' (सगळेच बॅक्स, म्हणजे मागच्या फळीतल्या चपळ खेळाडूंसारखे खेळणारे) छापायचं होतं, चुकून 'एल' जास्त पडला आणि ऑल ब्लॅक्स झालं, त्यामुळं काळी जर्सी.

परभणीकर_75
गण्या उलटं सांगायलास. तो बॅक्सवाला किस्सा 1905 च्या दौऱ्यावरचा, आणि तो खरा नाहीच. काळा त्याच्या आधीचाय, 1893 ला टॉम एलिसन म्हणून माओरी खेळाडू होता, त्यानं त्यांच्या रग्बी युनियनच्या मीटिंगमध्ये ठराव मांडला काळी जर्सी आणि त्यावर चंदेरी फर्नचं (नेच्याचं) पान. चड्डी मात्र पांढरी होती, काळी नंतर झाली. 1884 ला जी टीम गेली होती ती तर गडद निळ्यात.

औशाचा_रेडर
सगळ्यांना धन्यवाद, आज सकाळी पारावर बसून मोठ्यानं वाचून दाखवलं. हीटलीचा किस्सा ऐकून एक पोरगं उठलं आन म्हणलं मामाच्या गावच्या जुन्या टीमचे चौदा टी-शर्ट पेटीत पडून आहेत, मरून कलर, पाठीमागचे काही नंबर तेवढे निघालेत. मरूनला कुणाचाच नाही म्हणायला तोंड उघडलं नाही. आता एकच अडचण, दोन टी-शर्टाला 7 नंबर आहे आणि दोघंपण सोडायला तयार नाहीत. लातुरात जुन्या टी-शर्टावर नंबर कोण छापून देतंय का?