मदत हवी आहे: क्रूझच्या आदल्या रात्री जुन्या सान हुआनमध्ये राहावं का?

फेब्रुवारीत आई-बाबांना घेऊन पोर्तो रिकोच्या सान हुआनहून क्रूझवर जातोय. विमानाला उशीर होऊन जहाज हुकायला नको, म्हणून एक दिवस आधी पोहोचणार. मुक्कामाला 'एल कॉन्व्हेंतो' मनात भरलंय. मूळ १६५१चा कार्मेलाइट संन्यासिनींचा मठ, मधे चौक, दारासमोर कॅथेड्रल. बाबा तर फोटो बघूनच खूश!

अडचण आईच्या गुडघ्यांची. तिथले रस्ते निळसर दगडी फरसबंदीचे आणि चढ-उताराचे, शिवाय चार मोठ्या बॅगा. हॉटेलला विचारलं, लिफ्ट आहे म्हणाले. पण टॅक्सीबद्दल उत्तर मोघम आलं. आमचं जहाज जुन्या शहरालगतच्या धक्क्यावरून नाही, इस्ला ग्रांदेतल्या पॅन अमेरिकन पिअरवरून सुटतं. त्यामुळे नकाशावर जवळ दिसलं तरी पायी जाणं बादच. गाडी भाड्याने घेणार नाही. खोलीचं आरक्षण अजून केलेलं नाही. खर्च थोडा वाढला तरी चालेल, आईचे हाल नकोत.

तिथे राहिलेल्यांनी सांगा: जहाज सुटायच्या दिवशी सकाळी टॅक्सी हॉटेलच्या अगदी दारात येते का? आणि ती आदल्या रात्रीच सांगून ठेवावी लागते, की तिथल्या तिथे मिळते?