दुसऱ्या वाढदिवशी नातवाला मांडीवर घेऊन चार सीटच्या विमानात बसता येतं का?

डबल बेल (सोलापूर)

नमस्कार मंडळी. एसटीत तीस वर्षं वाहक होतो, सोलापूर आगारातनं निवृत्त झालो. त्यामुळं प्रश्न जरा तिकिटाच्या भाषेत येईल, समजून घ्या.

मुलगा टेक्सासमध्ये डॅलसजवळ असतो. तिथं त्यानं हौसेनं खासगी वैमानिकाचं लायसन काढलंय. क्लबचं सेस्ना १७२ हे छोटं विमान तासावर भाड्यानं मिळतं म्हणे. आम्ही दोघं जुलैत तिकडं चाललोय. धाकट्या नातवाचा दुसरा वाढदिवस आम्ही असतानाच येतो, आणि त्याच सकाळी सगळ्यांना वरनं चक्कर मारून आणायचा मुलाचा बेत आहे. सगळे म्हणजे तो, मी, आमची मंडळी, पाच वर्षांची नात आणि हा बारका. सूनबाईंनी आधीच हात जोडलेत, त्या खाली केक सांभाळत थांबणार.

सीटा चार, माणसं पाच. मुलगा म्हणतो, बारका आजीच्या मांडीवर. आता आमच्या एसटीत पाच वर्षांखालचं पोर फुकट, पाच ते बारा अर्धं तिकीट. मांडीवरचं पोर आम्ही कधी मोजलंच नाही. पण वय विचारलं की आई म्हणणार "चार", आणि खिडकीतनं तेच पोर ओरडणार, "मी दुसरीला आहे!" म्हणून मला वयाचा नियम नक्की काय ते आधी कळायला हवं. शिवाय मुलगा मला पेट्रोलचे पैसे देऊ देत नाही, म्हणतो कायद्यात बसत नाही. हे खरं का मला टाळतोय?

उडाणटप्पू (ह्यूस्टन, मूळ कुर्डुवाडी)

काका, तुमच्या पोराचा बेत बरोबर एका दिवसानं चुकलाय.

इथला नियम असा: विमान हलायला लागल्यापासून, उड्डाणाला आणि उतरताना प्रत्येकाला स्वतःची सीट आणि स्वतःचा पट्टा हवा. त्यातनं सूट फक्त दुसरा वाढदिवस न झालेल्या बाळाला, आणि तीही सीटवर बसलेल्या मोठ्या माणसानं त्याला धरलं असेल तरच. "दोन वर्षांपर्यंत" असं मोघम लिहिलेलं नाही. वाढदिवस उजाडला की सूट संपली. म्हणजे आदल्या दिवशी पाचजण चालतील, त्या दिवशी सकाळी नाही. तुमचा बारका खिडकीतनं ओरडणारच की मी दोनचा झालो!

मांडीवरच्या बाळाला आजीच्या पट्ट्यात अडकवायचं नाही. आपल्याकडच्या विमानात आईच्या पट्ट्याला जोडून बाळासाठी छोटा पट्टा देतात, तो इथं चालत नाही. जोराचा दणका बसला तर मोठ्या माणसाचं सगळं वजन बाळाच्या पोटावर येतं, असं त्यामागचं कारण. पण नुसत्या हातांनी दहा-बारा किलोचं पोर तशा धक्क्यात धरून ठेवणं कुणालाच जमत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून इथला विमान वाहतूक विभागच सांगतो, की नियमात बसत असलं तरी बाळाला वेगळ्या सीटवर, गाडीत लावतो त्या खुर्चीत बसवा. खुर्चीच्या लेबलवर लाल अक्षरात विमानासाठी मंजूर असं छापलेलं असतं, ते बघून घ्या. आणि ती मागच्या सीटवरच. पुढं लावली तर दांडा, म्हणजे सुकाणू हो, ओढताना खुर्चीला अडतो.

पैशाचं म्हणाल तर पोरगा तुम्हाला टाळत नाही. खासगी लायसनवर भाडं घेता येत नाही. इंधन, तेल, विमानतळाचं शुल्क, विमानाचं भाडं एवढाच खर्च वाटून घेता येतो, आणि त्यात वैमानिकानं स्वतःचा वाटा भरलाच पाहिजे. त्यानं सगळाच भरला तर कुणाची हरकत नाही. तुम्ही सगळा भरलात तर मात्र त्याचं लायसन अडचणीत.

आता एक त्यालाच विचारा: मागच्या ९० दिवसांत तीन उड्डाणं आणि तीन उतरणं झालीत का? नसतील तर तुम्हाला नेण्याआधी ती त्यानं एकट्यानं किंवा शिक्षकाबरोबर करायची. हौशी वैमानिक हे हमखास विसरतात. मीही एकदा विसरलो होतो. बायको विमानात बसून पट्टा लावून तयार, तेव्हा उड्डाणांची नोंदवही उघडली. तीन चकरा मारून येईपर्यंत ती बाकावर कणीस खात बसली होती.

लेकुरवाळी (फिनिक्स)

आम्ही मुलीला दहा महिन्यांची असताना अशा विमानात नेलं होतं. नियम वर आलेच आहेत, मी कानाचं सांगते. वर जाताना तिला काही वाटलं नाही, उतरताना मात्र टाहो फोडला. त्या विमानात एअरलाइनसारखा केबिनमधला दाब सांभाळला जात नाही, म्हणून नवऱ्यानं पुढच्या वेळी मिनिटाला ५०० फुटांपेक्षा सावकाश खाली आणलं आणि मी त्याच वेळी तिला पाजलं. गप्प झोपली. तुमच्या नातवाला बाटली नाहीतर चोखायला काहीतरी द्या, पण ते उतरतानासाठी राखून ठेवा. वर चढतानाच संपवू नका.

आवाज फार असतो. मोठ्यांना हेडफोन मिळतात, बाळाचे कान झाकायचे मफ वेगळे आणावे लागतात. घरी चार दिवस घालून सवय लावा, नाहीतर विमानात बसल्या बसल्या काढून फेकेल. आणि तिथं बाथरूम नाही हे आजींना आधीच सांगून ठेवा!

कडक भाकरी (सोलापूर)

डबल बेल काका, एवढ्या लांब कशाला बे? जूनमधे २०२३ ला विमानांना आडवी येणारी साखर कारखान्याची चिमणी पाडली, २०२५ च्या जूनला होटगी रोडच्या विमानतळावरनं गोव्याचं विमान उडालं. पोराला म्हणावं इथं ये, सिद्धेश्वर तलावावरनं चक्कर मार. मे महिन्यात आला तर आंबेही मिळतील.

उडाणटप्पू

भाकरी, मे महिन्यात नकोच. सोलापूर समुद्रसपाटीपासून दीड हजार फूट उंच, आणि दुपारी ४२ अंश. गरम हवा विरळ असते, त्यामुळं पंखाला आणि इंजिनाला ती जागा पाच हजार फुटांवरची वाटते. धाव लांबते, चढणं मंदावतं. चार माणसं भरलेलं सेस्ना तिथं दुपारी उडवायला मला कुणी बिर्याणी दिली तरी नको. डॅलसलाही जुलैत ३८ होतं, तिथंही विमानाला साडेतीन हजार फुटांसारखं वाटतं. म्हणून काका, सकाळी लवकर जा, दुपारी हवा हेलकावेही देते.

आणि तुमचा तिकिटाचा हिशेब विसरा. विमानात अर्धं तिकीट नसतं, किलो असतात. सेस्ना १७२ च्या नव्या मॉडेलला उड्डाणाचं कमाल वजन ११५७ किलो. रिकामं विमान धरा ७७०, नक्की आकडा त्या विमानाच्या कागदावर असतो. टाक्या भरल्या तर वापरता येण्याजोगं इंधन २०० लिटर, म्हणजे १४४ किलो. उरले २४३. त्यात माणसं, पिशव्या, शेंगाचटणीचे डबे, सगळं. आता वजनं काढा बघू.

डबल बेल

काढली. मुलगा ८४, मी ७८, नात १८, बारका १२. आमच्या मंडळींनी ६७ सांगितलं. मला संशय आला, तीस वर्षं लोकांची वयं ऐकलीत मी! चाळीतल्या पिठाच्या गिरणीत काट्यावर उभं केलं तर ७१ भरल्या. दोन दिवस बोलल्या नाहीत. सामानाची पिशवी ९. एकूण २७२. म्हणजे २९ किलो जास्त.

मुलाला फोनवर सांगितलं तर म्हणाला, पप्पा, मग टाकीत ४१ लिटर कमी घेऊ. तासाला ३५ लिटर लागतात, तासाभराचीच तर चक्कर आहे. मी विचारलं, आणि वाटेत कमी पडलं तर? तर म्हणाला, दिवसा उतरायच्या ठिकाणी पोचल्यावर अजून ३० मिनिटं उडता येईल एवढं शिल्लक ठेवल्याशिवाय निघताच येत नाही, आणि आपल्याकडं त्याहून बरंच जास्त राहील. बरं म्हटलं. मग ९० दिवसांचं विचारलं. फोनवर जरा वेळ शांतता. मग म्हणाला, शेवटचं विमान मार्चमध्ये उडवलंय.

आता ठरलं असं: या शनिवारी तो एकटा जाऊन तीन चकरा मारणार, आणि वहीचा फोटो मला पाठवणार. वाढदिवसाला चारजण जाऊ. तो, मी, नात आणि बारका मागे खुर्चीत, त्याच्या शेजारी नात. मंडळींना आदल्या दिवशी वेगळी चक्कर, दोघंच मायलेक. त्यावर त्या म्हणाल्या, म्हणजे माझं वजन कुणाला मोजावं लागणार नाही. म्हटलं, लागणारच, कागदावर लिहितात.